यादीबाहेरची मूठ

कोरीट
मंगळवार, ८ जुलै २०२५

शीलाताई,

वर नमस्कार लिहायचा की नाही यात दोन कागद वाया गेले, म्हणून तो लिहिलेलाच नाही. माय गेली त्या दिवशी तू अंगणातूनच परत फिरलीस आणि जाताना म्हणालीस, "माले भाऊ नई शे." मी ओट्यावर होतो. ऐकलं. तेव्हा हे पत्र गिरणीवाल्या नवनीतचं आहे असं समज. वाचून फाडलंस तरी चालेल, पण आधी वाच.

तुझा पत्ता कसा मिळाला ते सांगतो, नाहीतर तुला वाटेल मी मागावर आहे. सुरतेच्या उधन्यात तुझ्या गल्लीत राहणारे एक गृहस्थ इथे सासरवाडीला आले होते. दळण घेऊन आले आणि बोलता बोलता म्हणाले, आमच्या खाली एक कोरीटच्या बाई राहतात, साड्यांना लेस लावायचं काम करतात. मी पत्ता लिहून घेतला, त्यांना वाचून दाखवला, पिनकोड दोनदा विचारला. ते म्हणाले, "भाऊ, इतली चौकशी ते पोलीसबी नई करतस."

फोन नंबरही मिळाला असता. पण तोंडाने बोलताना मी घाबरतो आणि समोरच्याला जे हवं असतं तेच बोलून मोकळा होतो. हे तुझ्याइतकं कोणाला माहीत नाही. कागदावर खोडता येतं.

माझं म्हणशील तर मी नववीनंतर शाळा सोडली. आता मारुतीच्या पाराशेजारी माझी पिठाची गिरणी आहे. दीड वर्षापूर्वी लग्न झालं. यामिनी पुरुषोत्तमनगरची, तिचे वडील साखर कारखान्यात होते. ती बी.ए. झालेली आहे आणि मला त्यावरून चिडवत नाही, फक्त हिशेब स्वतः करते. नोव्हेंबरात आमच्याकडे बाळ येईल.

गिरणीवर मी एक पाटी लावली आहे: येथे मिरची दळून मिळणार नाही. नंदुरबार तालुक्यात अशी पाटी लावणारा मी बहुतेक एकटाच. लोक हसतात. "नवनीत, तू काय पुन्याना शे का रे, मिरची चालत नई तुले?" मी सांगतो, दगडांना वास लागतो, मग पोळ्या तिखट होतात. हे अगदीच खोटं नाही. पण खरं कारण ते नाही, आणि खरं कारण त्या वेळी फक्त तुला कळलं होतं.

आता पुढचं वाक्य मी वहीत आधी लिहून पाहिलं आहे.

मी अकरा वर्षांचा होतो त्या हिवाळ्यात, हेमराज काकांच्या मिरची वाळवायच्या पथारीवर, पोती ठेवायच्या खोलीत, काका माझ्यावर लैंगिक अत्याचार करत होते. आपले आबा जाऊन चार वर्षं झाली होती आणि आपलं शेत काकाच पाहत होते. तू ते ओळखलंस. कसं ओळखलंस ते मला अजून माहीत नाही. नंतरच्या श्रावणात कानबाई देवीच्या सणाला सगळे भाऊबंद जमलेले असताना तू उभी राहून बोललीस. मग त्यांनी मला विचारलं. माझा हात धरून कानबाई म्हणून पुजलेल्या नारळावर ठेवला. आणि मी म्हणालो, "काका काही करत नाहीत. ताई खोटं बोलते."

चार महिन्यांत तुझं लग्न लावून तुला सुरतेला धाडलं.

ताई, तू खरं बोलली होतीस. मी खोटं बोललो.

यापेक्षा जास्त आज लिहिता येणार नाही. दळणाची माणसं आली आहेत.

नवनीत


कोरीट
रविवार, २० जुलै २०२५

शीलाताई,

पत्र परत आलं नाही, म्हणजे पोहोचलं असं धरतो. उत्तर मागत नाही. उत्तर आलं असतं तर ते फोडायला मला दोन दिवस लागले असते, त्यामुळे एका अर्थी बरंच आहे.

मागच्या पत्रात वाईटच फार लिहिलं गेलं. वाचून तुला वाटेल की मी रडतखडत जगतोय. तसं नाही. मी बरा आहे. "बरा" हा शब्द विचार करून लिहिला आहे.

गेल्या जानेवारीपर्यंत बरा नव्हतो. हिवाळ्यात आपल्याकडे मिरचीचा वास कुठे नसतो? सगळ्यांना ठसका लागतो. मला ठसका लागत नाही. मला मानेवर हात लागतो, नसलेला. इतकी वर्षं मी तोंडाला रुमाल बांधून हिवाळे काढले. जानेवारीत रस्ता खोदलेला होता म्हणून कोणीतरी मिरचीचा टेम्पो गिरणीच्या मागच्या खिडकीशी आणून उभा केला. मला कळलं नाही आणि रुमाल बांधलेला नव्हता. त्यानंतरचं मला आठवत नाही. यामिनी सांगते की गिरणी रिकामीच फिरत होती, दगडाला दगड घासून जळका वास सुटला होता आणि मी गव्हाच्या पोत्यांमागे भिंतीला चिकटून बसलो होतो. तिने बटण बंद केलं. रांगेत सात जण होते, त्यांना "पट्टा तुटला" सांगून घालवलं आणि शटर ओढलं. मग मला विचारलं, "शेजारी बसू की समोर?"

मी म्हणालो, समोर.

त्या दिवशी तिला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी नंदुरबारला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथे सुनिता मॅडम म्हणून समुपदेशक आहेत. मी मंगळवारी जातो. पहिल्या मंगळवारी मी फक्त त्यांच्या भिंतीवरच्या तक्त्यातल्या दोन चुका दाखवल्या. त्यांनी त्या दुरुस्त केल्या. मग मला त्यांच्यावर भरवसा बसला.

त्या म्हणाल्या, हे जाईल असं मी सांगणार नाही, पण ते आल्यावर काय करायचं हे शिकता येतं. आता मानेवर हात आला की मी पाय जमिनीला टेकवतो आणि समोर दिसतील त्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घेतो. पट्टा. चाळणी. वजनकाटा. कॅलेंडर. रंजनाबाईंचा डबा. सुरुवातीला यामिनी म्हणायची, "तुम्ही गिरणी चालवता की जनगणना करता?" रंजनाबाई आपल्या मागच्या गल्लीतल्या. त्यांनी एकदा माझं पुटपुटणं ऐकलं, त्यांना वाटलं मंत्र आहे. म्हणाल्या, "मन्हा पोऱ्यालेबी शिकाड ना भाऊ, परीक्षामा लई घाबरस." मी कागदावर लिहून दिलं. पोरगा पास झाला. आता त्या मला दळणासोबत काकड्या देतात.

न्हाव्यालाही सांगून ठेवलं आहे की मानेला हात लावण्याआधी सांगायचं. त्याला वाटतं मला गुदगुल्या होतात. तो दर वेळी "मान हं!" असं ओरडतो, दुकानातली सगळी माणसं वळून बघतात. चालतं.

मिरची अजून दळत नाही. दळणारही नाही. सुनिता मॅडम म्हणाल्या, सगळ्याच गोष्टी जिंकायच्या नसतात. पाटी राहू द्या.

आता मुद्द्याचं. यंदा कानबाई आपल्या घरी आहे.

दगूबाईंचे, म्हणजे मोठी मायचे, गुडघे गेले. थोरले काका पितांबर बाबा गेल्यापासून ती एकटीच सगळं करत होती. तिने जाहीर केलं की औंदापासून कानबाई नवनीतकडे बसेल, गिरणी त्याचीच आहे, पीठ घरचंच होईल. सगळे हो म्हणाले. मला कोणी विचारलं नाही.

यामिनीच्या माहेरी कानबाई नसते, म्हणून तिला समजावून सांगत होतो की कुळातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेतात, सगळ्यांचा मिळून रोट, म्हणजे प्रसादाची पोळी, होतो आणि तो कुळातल्या माणसांनीच खायचा. ती म्हणाली, "आणि बायकांची मूठ?"

"नसते."

"बरं आहे. दळा, रांधा, वाढा, आणि मूठ तुमची."

ती पुढे गेली, पण मी तिथेच बसून राहिलो. हेमराज काका आता म्हसावदला राहतात, पण कानबाईला दर वर्षी येतात. मी पंगतीत त्यांच्यापासून सगळ्यात लांब बसतो आणि त्यांच्या नावाचे गहू ज्यात दळलेत तो रोट खातो. पंधरा वर्षं खाल्ला. यंदा ते माझा उंबरा ओलांडून येणार, आणि त्यांची मूठ माझ्या गिरणीत पडणार.

मला ती दळायची नाही. पण नाही म्हटलं की का ते सांगावं लागणार. त्याच माणसांसमोर, त्याच दिवशी. मी हे ठरवलं आहे असं लिहिणार होतो, पण ते खोटं होईल. मी ठरवायचा प्रयत्न करतो आहे.

नवनीत


कोरीट
शुक्रवार, १ ऑगस्ट २०२५

शीलाताई,

आज गहू मोजले. सगळं जसं झालं तसं लिहितो, कारण उद्या मला वाटेल की मी त्यात भर घातली.

मोठी माय खुर्चीवर बसली. पुढ्यात गव्हाचं पोतं, यामिनीच्या हातात सूप. नावं वाचायचं काम माझं. मी काल रात्रीच यादी केली होती, वयाच्या क्रमाने, तान्ह्या पोरापर्यंत. मी एक नाव वाचायचो, ती सव्वा मूठ सुपात टाकायची. तिसऱ्या नावानंतर तिचा हात थांबला.

"हेमराज ऱ्हायना."

मी म्हणालो, "राहिला नाही, मोठी माय. मी लिहिलाच नाही."

"कसाले?"

माझे पाय जमिनीवर होते. मी सूप, पोतं, खुर्ची असं मनात म्हटलं, पाचपर्यंत गेलोच नाही. दोन वाक्यांत सांगितलं. पहिलं, काकांनी पथारीवर माझ्याबरोबर काय केलं ते. दुसरं, ताई खरं बोलली होती.

तिची मूठ भरलेलीच होती. ती तिने सुपावर धरून ठेवली.  मला वाटलं तिला नीट ऐकू गेलं नाही आणि आता परत सांगावं लागणार. मग ती म्हणाली, "शीला खोटं नई बोलनी व्हती."

"तुला माहीत होतं?"

"माहीत नई व्हतं." दुसऱ्या हाताने यामिनीच्या हातातलं सूप सरळ केलं आणि म्हणाली, "माहीत करी लेवानं नई व्हतं."

आणि मूठ उघडली. सुपात नाही, परत पोत्यात.

यामिनी म्हणाली, "मोठी माय, लोक विचारतील."

"इचारोत. मूठ मन्ही शे. कोनासाठे भरानी ते मी दखसू." मग माझ्याकडे वळून, "रविवारे तो येई. तवय तू बोलशी, का मी बोलू?"

ताई, सोपं उत्तर समोर होतं. तिचं वय अठ्ठ्याहत्तर, तिच्यासमोर कोणी आवाज चढवला नसता. मी म्हणालो, "मी बोलेन."

राहिलेली नावं वाचली. यादी संपली, मी कागदाची घडी घातली. तिने पोत्यात परत हात घातला आणि आणखी सव्वा मूठ सुपात टाकली.

मी म्हणालो, "यादी संपली. बावीस झाल्या."

"माले मोजता येस."

"मग ही कोणाची?"

"दळ मुकाट्याने."

यामिनीने माझ्याकडे पाहिलं आणि मी तिच्याकडे. नाव कोणीच घेतलं नाही. तुला मात्र कळलं असेल.

मी गिरणी दोनदा धुतली. पीठ छान पडलं आहे, बारीक आणि गार. उद्या पुरणाची डाळ.

नवनीत


कोरीट
सोमवार, ४ ऑगस्ट २०२५

शीलाताई,

झालं. आज सकाळी वाजतगाजत कानबाई नदीला गेली. मी आत्ता जेवून उठलो आहे आणि अक्षर नेहमीसारखंच येतंय, तुला दिसत असेल.

काल दुपारी घर भरलं होतं. बायका गाणी म्हणत होत्या. हेमराज काका केळ्यांची फणी घेऊन आले. केस पूर्ण पांढरे झालेत. पोरांच्या गालावर चापट्या मारत, सगळ्यांची चेष्टा करत आत येत होते. मोठी माय दारातच खुर्ची टाकून बसली होती. ती म्हणाली, "हेमराज, औंदा तुन्ही मूठ नई शे."

काका हसले. "काय वहिनी, मी मरी गऊ का?"

सगळे हसले. मीसुद्धा हसायला लागलो होतो, सवयीने. मग मोठी मायने माझ्याकडे पाहिलं.

मी बारा ओळी लिहून खिशात ठेवल्या होत्या. कागद काढला आणि तीनच ओळी वाचल्या. काकांचं नाव, वर्ष, पथारीवरची खोली, काय केलं तो शब्द. आणि: "पंधरा वर्षांपूर्वी कानबाईसमोरच शीलाताईने हे सांगितलं होतं. मी तिला खोटं पाडलं. खोटा मी होतो." माझा आवाज बारीक येत होता, पण गाणी थांबली होती, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं.

काका म्हणाले नाहीत की मी असं केलं नाही. ते काय म्हणाले ते शब्दाला शब्द लिहितो. "कानबाईवर हात ठीसन तूच सांगेल व्हतं ना रे? मंग ती शपथ खोटी व्हती का?"

याचीच भीती मला इतकी वर्षं होती. देवीची खोटी शपथ. माझ्या मते आपल्या घरात जे जे वाईट झालं, तुझं जाणं, मायचं दुखणं, ते सगळं त्या शपथेमुळे होतं. हे मी सुनिता मॅडमलाही सांगितलं नव्हतं.

मी म्हणालो, "हो. खोटी होती."

आणि मग मानेवर हात आला. भर घरात, ते समोर उभे असताना. मी मोठ्याने म्हणालो, "नथ. छत. केळी. भरतचा निळा शर्ट. यामिनी." लोकांना वाटलं असेल मला वेड लागलं. रंजनाबाई दारात होत्या, त्या शेजारणीला म्हणाल्या, "मंतर शे तो, चालना." चुलतभाऊ भरत आपल्या शर्टाकडे बघायला लागला. हात गेला.

काकांनी केळी ओट्यावर ठेवली आणि निघाले. भरत म्हणाला, "जुनी गोष्ट नवनीत, आजना दिन कसाले?" आणि तोही बायकापोरांना घेऊन त्यांच्यामागे गेला. आणखी एक घर गेलं. बाकीचे बसून राहिले. काही जण माझ्याशी बोलले नाहीत, पण उठलेही नाहीत. बायकांनी गाणं जिथे थांबवलं होतं तिथून न घेता नवीन सुरू केलं.

अर्ध्या तासाने भरतची बायको एकटी परत आली, कडेवर धाकटा, बोटाला थोरला. मला म्हणाली, "दिवाळीले याले म्हसावदले धाडनार व्हतूत, काकाजींकडे." थोरला आठ वर्षांचा आहे. "नई धाडत आते." एवढंच बोलून ती पंगतीत जाऊन बसली आणि पोरांना भरवायला लागली.

ताई, मी हे माझ्यासाठी आणि तुझ्यासाठी केलं असं मला वाटत होतं. त्या पोराचा विचार माझ्या बारा ओळींत कुठेच नव्हता. याची मला लाज वाटते.

सुनिता मॅडमनी पोलिसांत तक्रार करता येते हेही सांगितलं आहे, इतकी वर्षं झाली तरी. मी अजून ठरवलेलं नाही. उद्या मंगळवार आहे, विचारणार आहे.

आज सकाळी कानबाई उचलायच्या आधी मी नारळावर हात ठेवला. या वेळी माझा हात कोणी धरलेला नव्हता. काय बोललो ते लिहीत नाही. मोठी मायने पाहिलं आणि म्हणाली, "ती आई शे रे. पोऱ्यानं खोटं तिले समजस."

काल मी चार पुरणपोळ्या खाल्ल्या. यामिनी म्हणते पाच. तिचा हिशेब चुकत नाही.

तुझ्या मुठीचा रोट बाजूला ठेवला आहे. तो पौर्णिमेच्या आत संपवावा लागतो. टपालाने पाठवता येणार नाही. म्हणून गुरुवारी मी येतो आहे. पौर्णिमेला राखी आहे, म्हणून मुद्दाम दोन दिवस आधी येतो, तुझ्यावर कसलंच ओझं नको. हे पत्र माझ्या आधी पोहोचेल असं वाटत नाही, म्हणून सोबतच आणतो. दार उघडलं नाहीस तर डबा आणि पत्र दोन्ही दारात ठेवून परत फिरेन. डबा परत नको.

नवनीत


कोरीट
रविवार, १० ऑगस्ट २०२५

शीलाताई,

परवापासून तीनदा फोन हातात घेतला. आता तुझा नंबर आहे तरी पत्रच लिहितो आहे. हसू नकोस.

तू मला दारात विचारलंस, "कोन?" आणि मी घाबरून म्हणालो, "गिरणीवाला नवनीत." तू म्हणालीस, "मी दळन टाकेल नई." आणि दार लावलंस. मी डबा खाली ठेवला, त्यावर पत्र ठेवलं, ते उडू नये म्हणून पाण्याची बाटली ठेवली. दोन पायऱ्या उतरलो तोच तू दार उघडून म्हणालीस, "बाटली तरी लई जा." मग म्हणालीस, "ये आत."

मी हे परत लिहितो आहे, कारण गाडीत मला वाटत होतं की हे घडलंच नाही.

माझी तीन पत्रं टीव्हीखाली होती, फोडलेली. दुसऱ्या पत्रावर चहाचा डाग होता, म्हणजे सावकाश वाचलं असणार. तू लेस लावायचं मशीन बंद केलं नाहीस. साडी सरकवत सरकवत बोललीस, ते बरं केलंस. समोरासमोर मला जमलं नसतं.

मी माफी मागायला सुरुवात केली. ती मी पाठ करून आलो होतो. तू मधेच म्हणालीस, "अकरा वर्षना पोऱ्यावर मी कधीच चिडनी नई. तू अठराना व्हयना. वीसना व्हयना. पंचवीसना व्हयना. तवय काय करी ऱ्हायंता?"

मी म्हणालो, भीत होतो.

"मीबी," तू म्हणालीस. मशीन चालू होतं. "मी कोनले सांगू? माले ते आधीच खोटी ठराई दियेल व्हतं."

हे बरोबर आहे, ताई. सात-आठ वर्षं मी मोठा होतो आणि गप्प होतो. त्याची माफी आता मागतो. ती पाठ केलेली नाही. ती तू लगेच द्यावीस असंही नाही.

मोठी माय काही म्हणाली का, असं तू विचारलंस तेव्हा एक सांगायचं राहिलं. मोठी मायने तोंडाने नाव घेतलं नाही, पण मी निघालो तेव्हा डब्याला स्वतः फडकं बांधलं आणि म्हणाली, "तिले सांग, बाईनी मूठ नसस, पन ही ऱ्हाई." मशीन घरघरत ठेवूनच रोट तू उभ्याने खाल्लास. अर्धा मोडून बाजूला ठेवलास. मी म्हणालो, ताई, तो कुळाबाहेर देत नाहीत. तू म्हणालीस, "कुळ गयं चुलामा." मग दोघं हसलो. तू हसताना मायसारखी दिसतेस, हे तुला आवडेल की नाही माहीत नाही.

कोरीटला कधीच येणार नाही म्हणालीस. बरं. दिवाळीनंतर बाळ आलं की आम्ही तिघं येऊ. यामिनीला सांगितल्यावर ती म्हणाली, आधी तिथे मिरचीची कांडप कुठे कुठे आहे ते बघून घ्या, मग रस्ता ठरवू. ती चेष्टा करत नव्हती, तिने कागद-पेन घेतला होता.

आता जे मला तिथे बोलता आलं नाही ते.

तुझा धाकटा शाळेतून आला तेव्हा मी निघायच्या बेतात होतो. दप्तर टाकलं, गुजरातीत काहीतरी तक्रार केली, तू उरलेला रोट त्याच्या हातात दिलास. मी विचारलं, कितवीला? तू म्हणालीस, "सहावी. अकरा पूर्ण व्हयनात." आणि शिलाई थांबवलीस. त्या पूर्ण वेळात पहिल्यांदा मशीन बंद केलंस आणि मला म्हणालीस, "दख त्याले. इतलाच व्हता तू."

मी पाहिलं. माझ्या मनात अकरा वर्षांचा मुलगा केवढा तरी मोठा होता. सगळं कळणारा, ठरवून खोटं बोललेला. हा तर रोट खाताना पाय हलवत होता. एक मोजा खाली घसरला होता. दाढ हलते म्हणून एकाच बाजूने चावत होता, आणि पंख्याखालची जागा मी घेतली म्हणून माझ्यावर रुसला होता. मी सरकलो. तो लगेच येऊन बसला, माझ्या अगदी मागे, त्याचा गुडघा माझ्या पाठीला लागला. मी उठलो नाही.

गाडीत मला खिडकी मिळाली. नंदुरबार येईपर्यंत मी त्याचाच विचार करत होतो. वीस-बावीस मोठी माणसं भोवती उभी आहेत, ज्याची भीती वाटते तोही तिथेच आहे, आणि कोणीतरी हात धरून विचारतंय, सांग, खरं काय? तुझ्या धाकट्याने काय सांगितलं असतं?

जे सांगितलं की घरी जाऊ देतील, ते.

नवनीत